मेनूकार्डावरची आजी

मराठी समीक्षेने गेल्या तीसेक वर्षांत पुष्कळ गोष्टी 'संहिता' म्हणून वाचल्या. चित्रपट वाचले, जाहिराती वाचल्या, लग्नपत्रिका आणि चौकातले वाढदिवसाचे फलक वाचले. ट्रकच्या पाठीवर काय लिहिलेले असते यावर आम्ही स्वतः विद्यार्थ्यांकडून प्रकल्प लिहवून घेतले आहेत. मेनूकार्डाच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलेले आमच्या तरी पाहण्यात नाही. हॉटेलात शिरताना आम्हा मंडळींची चिकित्सक बुद्धी ओल्या छत्रीसारखी दाराशी राहते आणि आत गेल्यावर आम्ही फक्त उजव्या बाजूचे आकडे वाचतो. प्रस्तुत टिपण त्या आळसाविरुद्ध आहे. त्या आळसाच्या आडोशाने आमच्या भाषेशी आणि अन्नाशी जो व्यवहार राजरोस चालला आहे, त्याच्याही विरुद्ध आहे.

प्रसंग साधा. आमच्यापैकी एकाची तासिका तत्त्वावरची नोकरी बऱ्याच वर्षांनी कायम झाली, म्हणून आम्ही तिघे सहकारी लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात नव्याने उघडलेल्या बार-रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. नाव देत नाही. आमचे भांडण त्या एका जागेशी नाही, आणि पुढचे वर्णन मुंबई-पुण्यातल्या अशा इतर अनेक जागांना सहज लागू पडेल. छताच्या तुळया तशाच ठेवलेल्या. सुताच्या रिकाम्या बॉबिनांचे केलेले दिवे. निळ्या काठाच्या इनॅमलच्या ताटल्या, पाणी तांब्यातून, आणि मेनूकार्ड जुन्या वर्तमानपत्रासारखे छापलेले. मजकूर सगळा इंग्रजी. मधूनमधून एखादा मराठी शब्द, रोमन लिपीत. वरण-भात आरांचिनी. ठेचा बर्राटा. पिठलं हमस, सोबत भाकरीचे 'क्रिस्प्स'. वजडी टाको. सोलकढीचे एक कॉकटेल. जवळजवळ प्रत्येक पदार्थाखाली दोन ओळींचे वर्णन, आणि त्या वर्णनांत किमान चार ठिकाणी 'आजी' : आजीच्या स्वयंपाकघरातून, आजीचे गुपित, आजीच्या पाट्या-वरवंट्याची आठवण, इत्यादी.

पदार्थ चांगले होते. हे आधीच कबूल केलेले बरे, नाहीतर पुढचे सारे विवेचन बिघडलेल्या पोटाची कुरकुर ठरेल. ठेच्यातली मिरची खरोखर कुटलेली होती, लसूण जळलेला नव्हता, आणि त्या थंडगार, मलईदार इटालियन चीजबरोबर तो असा काही जमला होता की आम्ही दुसरी ताटली मागवली.

आमच्या टेबलाशी आलेला मुलगा दोनच वर्षांपूर्वी आमच्याकडे तृतीय वर्ष मराठीला होता. त्याने आम्हाला ओळखले, आम्ही त्याला ओळखले. तरी त्याने पाठ केलेले इंग्रजी स्वागत पूर्ण केले आणि नंतर थालीपीठ म्हणजे काय ते आम्हाला इंग्रजीत समजावून सांगितले. महाराष्ट्रातील एक ग्रामीण, बहुधान्यी, चपटी भाकर, असा त्याचा सारांश. आमच्यातल्या मॅडम म्हणाल्या, "अरे, मराठीत सांग की." त्याने एकदा मागे वळून पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, टेबलाशी इंग्रजीच बोलायचं असतं. ट्रेनिंगमध्येच सांगितलंय."

आता संहितेकडे वळू. 'ठेचा बर्राटा', 'पिठलं हमस', 'वरण-भात आरांचिनी' हे सामासिक शब्द आहेत, आणि ज्याने शाळेत समास सोडवले आहेत त्याला ते तत्पुरुष आहेत हे ओळखायला वेळ लागू नये. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते. म्हणजे पिठलं हमस हा हमसचा एक प्रकार झाला, पिठल्याचा नव्हे. आणि वरण-भात हे कोणा एका आरांचिनीचे विशेषण झाले. मराठी शब्द जागोजाग आहे, पण कोठेही तो कर्ता नाही, प्रधान नाही. तो चवीपुरता आहे. मराठीला 'स्थान मिळाले' म्हणून ज्यांना भरते येते त्यांनी हे स्थान समासातले कोणते पद आहे ते एकदा तपासावे.

टंकही पाहण्यासारखा होता. इंग्रजी छपाईत परका शब्द तिरक्या टंकात घालण्याची चाल आहे. या मेनूकार्डावर ठेचा, पिठलं, वजडी हे शब्द तिरके होते, तर बर्राटा, टाको, हमस हे सरळ उभे. परळमध्ये ठेचा परका आणि बर्राटा घरचा! जुळणी करणाऱ्याने हे मुद्दाम केले असेल असे आम्ही म्हणत नाही. मुद्दाम न करता ते तसे झाले, यातच सारे आले.

आणि तरीही आपण मराठीच्या मास्तरांनी फार उसळून उठू नये, कारण ही रचना आपल्या परिचयाची आहे. एकेकाळच्या ग्रामीण कथेचा एक मोठा प्रवाह आठवून पाहा. पात्रे बोलीत बोलतात, निवेदक प्रमाण मराठीत सांगतो. बोली अवतरणचिन्हांत, प्रमाणभाषा बाहेर. बोलीने रंग पुरवायचा, अर्थ लावण्याचा अधिकार निवेदकाकडे. मेनूकार्डाचा निवेदक हा त्याच निवेदकाचा नातू आहे. फरक इतकाच की त्याची प्रमाणभाषा आता इंग्रजी आहे, आणि प्रमाण मराठी अवतरणचिन्हांच्या आत ढकलली गेली आहे. जे बोलीच्या वाट्याला पन्नास-साठ वर्षांपूर्वी आले ते आज आपल्या वाट्याला येत आहे, तर आपल्याला एवढे झोंबते.

याच्या उलट टोकाला जयंत पवारांच्या एका कथासंग्रहाचे नाव ठेवून पाहावे : 'वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा'. तेथे 'ण'चा 'न' झालेला आहे आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागितलेली नाही, कोणाला समजावूनही सांगितलेले नाही. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातल्या पोरांचे काय झाले, हे त्या शीर्षककथेचे जग. आम्ही बसलो होतो त्या टेबलापासून ते जग चालत दहा मिनिटांवर, आणि शब्द तोच, वरणभात. एका ठिकाणी तो आपल्या तोंडून बोलतो, दुसऱ्या ठिकाणी तो तळून, गोल वळून, हिंगाच्या मेयोनेजमध्ये बुडवून येतो.

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. ही दोन्ही आम्हाला आमच्याच स्टाफरूममध्ये मिळाली, म्हणून ती कल्पून लिहिण्याची गरज नाही. पहिले उत्तर अभिमानाचे. आजवर मुंबईच्या महागड्या हॉटेलांत पंजाबी, चिनी, इटालियन सर्व मिळे. मराठी पदार्थ म्हटला की वडापाव आणि साबुदाणा वडा, तोही उभ्याने. आता ठेच्याला मान मिळतो आहे तर तुम्ही समास सोडवत काय बसता? दुसरे उत्तर विलापाचे. हे सगळे जागतिकीकरणाचे थेर आहेत, आपले सात्त्विक अन्न गेले, घरचा स्वयंपाक गेला, मुली पोळ्या लाटेनाशा झाल्या वगैरे. पहिल्या मताच्या लोकांना दुसऱ्या मताचे लोक मागासलेले वाटतात, दुसऱ्यांना पहिले विकले गेलेले वाटतात. आमचे म्हणणे असे की दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच आजी आहे. एकाला ती मेनूकार्डावर पाहून आनंद होतो, दुसऱ्याला दुःख. पण ही आजी कोणाची, असे दोघेही विचारत नाहीत.

विचारायला हवे. मेनूकार्डावरची आजी नऊवारी नेसते, चुलीपुढे बसते, तिला आडनाव नाही, जात नाही, गाव नाही, आणि तिने आयुष्यात कधी स्वयंपाकाचे पैसे घेतलेले नाहीत. ती केवळ मायेने रांधते. या एका शब्दाने मेनूकार्ड दोन अवघड हिशेब एकदम टाळते : मजुरीचा आणि जातीचा.

मजुरीचा आधी घेऊ, कारण तो त्याच जमिनीचा आहे. गिरणगावात रांधणाऱ्या खऱ्या आज्या होत्या, आणि त्या पैसे घेऊन रांधत. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार एकटा येई, दहा-पंधरा जणांत एक खोली घेऊन पाळीपाळीने झोपे आणि खानावळीत जेवे. या खानावळी बहुतेक बायका चालवीत, आपल्याच खोलीत, आपल्याच चुलीवर. महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी. संप झाला की कामगाराची चूल खानावळवालीच्या उधारीवर पेटत राही. गिरणी संपांचा इतिहास आपण पुढाऱ्यांच्या नावाने शिकवतो. त्या संपांना कर्जपुरवठा करणाऱ्या या बायका होत्या, ही गोष्ट अभ्यासक्रमात कोठे येत नाही. प्रेमा पुरव यांनी ती पाहिली. गोवा मुक्तिसंग्रामातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या या बाईंनी १९७५ साली या खानावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिऱ्हाईकच गावी परतल्यावर खानावळींचे काय झाले हे सांगायला नको. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) या ग्रंथात गिरणगावचे लोक स्वतः बोलतात. रेस्टॉरंटच्या भिंतीवर बॉबिन टांगणाऱ्याने तो एकदा चाळावा अशी आमची नम्र सूचना आहे.

जमिनीचे पुढे काय झाले तेही थोडक्यात. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते : एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती दुरुस्ती वैध ठरवली. आम्ही ज्या टेबलाशी बसलो होतो ते टेबल या दुरुस्तीवर उभे होते.

'कँटीन' या शब्दाची कथा याहून बोधक. २०१५ साली कमला मिलच्या आवारात 'द बॉम्बे कँटीन' सुरू झाले. न्यूयॉर्कमध्ये भारतीय चवीला मानाचे पान मिळवून देणारे फ्लॉइड कार्डोझ त्यामागे होते, आणि हंगामी भाज्या व प्रांतोप्रांतीचे पदार्थ नव्या रीतीने मांडण्याच्या चालीला या जागेने मोठी प्रतिष्ठा दिली, हे निःसंशय. आमचे लक्ष नावाकडे आहे. १९४८च्या कारखाने कायद्याचे ४६वे कलम असे होते की अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात मालकाने कँटीन चालवावे असा नियम सरकारला करता येई. गिरणीच्या आवारात कँटीन हा कामगाराने मिळवलेला हक्क होता. आता त्याच आवारात तो शब्द एक मनःस्थिती दाखवतो : साधेपणाची, आपलेपणाची, थोड्याशा धुराची. शब्दाचा अर्थ बदलतो यात नवल नाही, भाषाशास्त्र आम्हीही शिकवतो. पण हक्काचा शब्द सजावटीचा शब्द होतो तेव्हा त्या बदलाला केवळ 'अर्थान्तर' म्हणून पुढे जाणे हे समीक्षकाचे काम नव्हे.

आता जातीचा हिशेब. येथे आमच्याच पक्षातले काही लोक नाराज होतील.

वरच्या मजकुरावरून खानावळ म्हणजे एखादे नंदनवन होते असा समज होऊ नये. खानावळी गाववार होत्या आणि जातवारही होत्या. गिरणीत तर जात थेट तोंडापर्यंत पोचली होती. साचाखात्यात धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्य कामगाराचे तोंड त्या धोट्याला लागले तर सवर्ण विणकर बाटेल, म्हणून जास्त मजुरीच्या त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. पुढारी डावे होते, संप मोठा होता, आणि तरीही उष्ट्याचा प्रश्न बाहेरून सांगावा लागला. ज्या छताखाली आज चार जण एका ताटलीतून 'शेअरिंग प्लेट' खातात त्याच छताखाली हे घडत होते. एका ताटलीत चार हात जावेत याचे आम्हाला मनापासून कौतुक आहे. पण हे केवढे मोठे स्थित्यंतर आहे ते त्या ताटलीला माहीत नाही, आणि मेनूकार्डाला ते माहीत करून द्यायचे नाही.

मेनूकार्ड समाजांची नावे घेतच नाही असे मात्र नव्हे. पाठारे प्रभू, सीकेपी, सारस्वत ही नावे आता अशा ठिकाणी प्रेमाने घेतली जातात; कोळी आणि ईस्ट इंडियनही असतात. म्हणजे तळटीप देता येते, जागा असते, इच्छा असली तर माहितीही असते. छापील पाककृतींचा इतिहास ज्यांच्या घरात घडला त्यांना तळटीप मिळते. १९१०च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधर 'गृहिणी-मित्र' लिहीत होत्या, १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली आणि मध्यमवर्गीय मराठी घराला तिने वाटी-चमच्याचे प्रमाण दिले. या पुस्तकांविषयी आम्हाला आदर आहे. आमच्यापैकी दोघांच्या घरी 'रुचिरा'ची हळदीचे डाग पडलेली प्रत आहे. परंतु महार-मांग वस्तीतले अन्न पुस्तकाच्या रूपाने आपल्यापुढे यायला २०१५ साल उजाडावे लागले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' त्या वर्षी आले. जेवणाआधी म्हणायच्या श्लोकातल्या पूर्णब्रह्माला त्यांनी एक 'अ' जोडला आणि त्या एका अक्षरात जे सांगायचे ते सांगितले. २०२४ साली ते इंग्रजीतही आले, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी इंग्रजी वाचकांना मराठवाड्यात असेही काही शिजत होते याचा शोध लागला.

२०१५ हेच साल पाहा. त्याच वर्षी कमला मिलमध्ये प्रांतोप्रांतीच्या चवींचा नवा उत्सव सुरू झाला. त्याच वर्षी पाटोळ्यांचे पुस्तक आले. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एक चव उत्सवात गेली, एक पुस्तकात गेली आणि एक गुन्ह्यात. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या पाटोळ्यांच्या पुस्तकात आहेत. 'विस्मृतीत गेलेले पदार्थ' पुन्हा आणणाऱ्या एकाही मेनूकार्डावर त्या आम्हाला दिसल्या नाहीत. विस्मृतीलाही पंक्तिभेद असतो.

वजडीला मात्र प्रवेश मिळाला आहे. आमच्या मेनूकार्डावर ती टाकोमध्ये होती आणि खाली लिहिले होते : नोज-टू-टेल. लंडनमध्ये फर्गस हेंडरसन यांनी १९९४ साली 'सेंट जॉन' उघडले आणि १९९९ साली 'नोज टू टेल ईटिंग' हे पुस्तक लिहिले. मारलेल्या जनावराचा कोणताही अवयव वाया न घालवणे ही त्या प्राण्याविषयीची सभ्यता आहे, असा त्यांचा विचार. विचार चांगला आहे. पण आपल्याकडे आतडी, कोथळा, रक्त, खूर खाणारे लोक पिढ्यानपिढ्या होते, आणि त्यांच्या खाण्याला कोणी सभ्यता म्हटले नाही. त्यावरून त्यांना शिव्या दिल्या. त्यांच्या वाट्याला तेवढेच येत होते म्हणून ते ते खात होते, आणि त्यातूनही त्यांनी चव निर्माण केली. ती चव आज लंडनचे प्रमाणपत्र घेऊन परळला येते. शोधनिबंधात असे केले तर २०१८च्या यूजीसी नियमांनुसार दहा टक्क्यांपुढच्या साम्याची चौकशी होते. ताटलीला तो नियम नाही.

आणि आता त्या आजीकडे परत. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) संतामाय आहे. शेणातून निवडलेली, धुतलेली ज्वारी दळून केलेल्या भाकरीचा प्रसंग आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. वर्ग शांत होतो, कोणी तरी खिडकीबाहेर बघते. संतामाय हीसुद्धा आजीच आहे. 'आजीच्या स्वयंपाकघरातून' असे छापणाऱ्याच्या मनात ती कधी आली नसणार, हे उघड आहे. ती त्या मेनूकार्डावर यावी अशी आमची मागणी नाही. तसे कोणी केले तर ते अधिक भयंकर होईल. आमची मागणी एवढीच की 'आजी' हा शब्द सर्वांच्या वतीने वापरू नये. कोणत्या घरातली, कोणत्या गावची, ते सांगावे; सांगता येत नसेल तर आजीला मध्ये न आणता पदार्थाचे नाव आणि किंमत लिहून थांबावे. पिठलं हमस ५२५ रुपये. झुणका-भाकरीची किंमत १९९५ साली सरकारने एक रुपया ठरवली होती, आणि २०२० साली शिवभोजन थाळीची दहा. या आकड्यांना वर्णनाची गरज पडत नाही.

येथवर वाचून कोणी विचारील की अध्यापक मंडळी स्वतः कोणते तीर मारतात. प्रश्न रास्त आहे. आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडतात तेव्हा खिडकीकडचे टेबल शाकाहारी असते आणि दाराकडचे 'मिक्स'. हे कोणी ठरवलेले नाही, कोठे लिहिलेले नाही. 'अक्करमाशी' शिकवून आलेला अध्यापक न बोलता आपल्या टेबलाकडे जातो. सुक्या बोंबलाचा डबा आणणाऱ्या एका सहकाऱ्याने तो आणणे केव्हा बंद केले, हेही आमच्या लक्षात उशिरा आले. मेनूकार्ड निदान छापलेले असते, वाचता येते. आमच्या टेबलांची संहिता वाचायला आम्हाला एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन यावे लागले, हे लाजेखातर येथे नोंदवतो.

देशीवादावर आपण इतकी वर्षे चर्चा करतो आहोत. नेमाड्यांच्या बाजूने आणि विरोधात किती कागद खर्ची पडला असेल. देशी काय आणि परके काय, हा प्रश्न आपण कादंबरीला विचारत राहिलो. तो बाजाराने केव्हाच उचलला, आणि त्याचे उत्तरही देऊन टाकले : जे विकले जाते ते देशी. ते उत्तर आपल्याला मान्य नसेल तर आपल्याला कादंबरीतून उठून ताटलीपर्यंत यावे लागेल. पुढच्या सत्रात द्वितीय वर्षाला अपरिचित उतारा म्हणून आम्ही हेच मेनूकार्ड देणार आहोत. निवेदक कोण, श्रोता कोण, कोणाला नाव आहे आणि कोणाला नाही, हे प्रश्न त्याखाली घालू.

बिल आणायला तो मुलगा आला तेव्हा गर्दी ओसरली होती. आम्ही विचारले, यातले तुला काय आवडते? तो म्हणाला, नवीन मेनू येतो तेव्हा सगळ्या स्टाफला प्रत्येक पदार्थ चमचाभर देतात, टेबलाशी वर्णन करता यावे म्हणून. तेवढेच. त्यांचे जेवण साडेचारला होते, डाळ-भात आणि एक भाजी. "चांगलं असतं, सर," असेही तो म्हणाला, आणि ते खरे असावे. बंद करून आवरेपर्यंत बदलापूरची शेवटची गाडी गेलेली असते, म्हणून पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत तो तेथेच थांबतो. एम.ए.चा अर्ज भरायचा राहिला तो राहिलाच. आम्ही त्याला सांगितले की यावर आम्ही काही लिहिणार आहोत, त्यात तूही येशील. तो जरा गोंधळला. मग ताटल्या एकात एक रचता रचता म्हणाला, "लिहा की, सर. फक्त माझं नाव घालू नका."